कोवळी की शिळी: साताऱ्या-सांगलीहून पुण्यात क्राफ्ट बिअर चाखायला जाताना ब्रूपब निवडावा की टॅपरूम

पुण्यात 2009 साली डूलालीने जागेवर बिअर बनवायला सुरुवात केली. आता कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर या पट्ट्यात ‘क्राफ्ट बिअर’ची पाटी जागोजागी दिसते. त्या पाटीमागे दोन वेगळी दुकानं असतात. ब्रूपबमध्ये स्टीलच्या टाक्या काचेमागे उभ्या असतात. बिअर तिथेच शिजते, तिथेच आंबते आणि तिथूनच नळाला येते. टॅपरूममध्ये ती शहराबाहेरच्या कारखान्यातून केगमध्ये, म्हणजे बंद स्टीलच्या पिंपात, भरून येते. साताऱ्याहून 110 किलोमीटर आणि सांगलीहून त्याच्या दुपटीहून जास्त अंतर तोडून जाणाऱ्याने हा फरक घरून निघण्याआधी समजून घ्यावा, कारण एका दिवसाच्या फेरीत दोन्ही ठिकाणं नीट होत नाहीत.

आधी निकाल सांगतो. गव्हाची बिअर प्यायची असेल आणि बिअर बनते कशी हे पाहायचं असेल, तर ब्रूपब. आयपीए (कडवट, वासाची बिअर), स्टाउट (गडद बिअर) आणि नेहमी न मिळणारे प्रकार एका बैठकीत चाखायचे असतील, तर टॅपरूम. आणि फक्त शनिवारची गर्दीची रात्रच मोकळी असेल, तर बेत पुढे ढकला.

गव्हाच्या बिअरला जो केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो, तो केळं-लवंग घालून आलेला नसतो. आंबवताना यीस्ट तो तयार करतं. बिअर ढगाळ दिसते तीही तरंगणाऱ्या यीस्टमुळे आणि गव्हातल्या प्रथिनांमुळे. हा वास काही आठवड्यांतच विरतो आणि उभ्या ठेवलेल्या केगमध्ये यीस्ट तळाला बसतं. म्हणून टाकी ते ग्लास हे अंतर जितकं कमी, तितकी ही बिअर चांगली. ब्रूपबची टाकी साधारण 500 ते 1000 लिटरची असते आणि खपाची बिअर तिथे लवकर संपते.

पण ब्रूपबची अडचणही टाकीच आहे. टाक्या मोजक्या, त्यामुळे प्रकार पाच-सहाच. एल जातीची बिअर 18 ते 22 अंशांवर आठवडाभरात आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत नळाला लागते. लागर 8 ते 13 अंशांवर सावकाश आंबते, मग थंडीत मुरते, आणि टाकी महिना-दीड महिना अडवून ठेवते. म्हणून चांगली लागर ब्रूपबमध्ये कमी दिसते. दिसली तर जरूर घ्या, कारण बनवणाऱ्याने तिच्यासाठी धीर धरलेला असतो. गर्दीच्या दिवसांत हा धीर सुटतो आणि टाकी दोन-तीन दिवस आधी उघडली जाते. आंबवण संपताना यीस्ट आपणच सोडलेले काही पदार्थ परत शोषून घेतं. त्याला तेवढे दिवस मिळाले नाहीत, तर बिअरला बटर पॉपकॉर्नसारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास राहतो. ही कोवळी बिअर.

टॅपरूमचा दोष याच्या उलट, शिळेपणाचा. केगमध्ये हवा शिरली असेल तर चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आयपीएतला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास उष्णतेत झपाट्याने उडतो आणि नुसता कडवटपणा मागे राहतो. केग ते नळ जोडणारी नळी दर दोन आठवड्यांनी औषध घालून धुवावी लागते. तसं झालं नाही तर बिअरला आंबूस, व्हिनेगरसारखी झाक येते. म्हणून टॅपरूममध्ये बसल्याबरोबर विचारा की केग कधी भरला आणि कधी उघडला. आयपीए दोन महिन्यांच्या आतली असावी. स्टाउट आणि जास्त अल्कोहोलच्या गडद बिअर तेवढ्या नाजूक नसतात. नीट उत्तर देणारी टॅपरूम बहुतेक वेळा नळ्याही नीट धूत असते.

दोन्हीकडे सुरुवात सॅम्पलरने करा: चार ते सहा छोटे ग्लास, प्रत्येकी 90 ते 120 मिली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी लागर किंवा गव्हाची, मग पेल एल, मग स्टाउट आणि शेवटी आयपीए. आयपीएचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, ती आधी प्यायलात तर पुढची गव्हाची पाण्यासारखी लागेल. एखाद्या ग्लासात वर सांगितलेला दोष आढळला तर संकोच न करता सांगा. ग्लास बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे.

खाण्याबाबत आपल्याकडच्या जिभेसाठी एक सूचना. तांबड्या रश्श्याच्या जातीच्या तिखटाबरोबर आयपीए घेऊ नका. कडवटपणाने तिखट अंगावर येतं. तिखटाला गव्हाची बिअर सांभाळून घेते. स्टाउटमधल्या भाजलेल्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूला, खरपूस खव्याची जोड शोभते, म्हणून साताऱ्याचा कंदी पेढा आणि स्टाउट ही जोडी घरी कॅन आणून करून पाहावी अशी आहे. ब्रूपब-टॅपरूममध्ये बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत.

बनवण्याची प्रक्रिया पाहायची असेल तर दोन-तीन दिवस आधी फोन करून विचारा की बिअर शिजवण्याचा दिवस कोणता. तो बहुधा आठवड्याच्या मधला असतो आणि काम सकाळीच सुरू होतं. भरडलेलं माल्ट 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, मग रस गाळून हॉप्ससह तास-दीड तास उकळतात. गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ उभं राहिलेल्या माणसाला तो गोडसर वाफेचा वास ओळखीचा वाटेल. बंद बूट घाला. फरशी ओली असते आणि धुण्याचं रसायन कातडी जाळतं. टॅपरूममध्ये हे काहीच दिसत नाही, तिथे बोलायला नळावरचा माणूस असतो. जाणकार असेल तर तोही पुष्कळ शिकवतो.

आता जाण्या-येण्याचं. साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा एसटी घ्या. स्वारगेटवरून मेट्रोने जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदलली की बंडगार्डन, कल्याणीनगरला उतरता येतं, पुढे रिक्षा. मुंढवा मेट्रोपासून दूर पडतो, तिथे रिक्षाचा वेळ आणि पैसे जास्त धरा. दुपारी एकला पोचलात तर सहापर्यंत निघून रात्री घरी येता येतं. सांगलीकरांनी एका दिवसाचा हट्ट धरू नये, मुक्काम करावा. मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी टॅपरूम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रूपबची टाकी असंही जमतं.

स्वतःची गाडी न्यायची तर न पिणारा चालक हवाच. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. परतीला रात्रीचा खंबाटकी घाट आहे, हे दंडापेक्षा मोठं कारण. बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं, ओळखपत्र बरोबर ठेवा. 2 ऑक्टोबरला आणि मतदानाच्या तोंडावर दारूबंदी असते, तारीख ठरवताना पाहून घ्या.

ग्रोलर, म्हणजे भरून नेण्याची बाटली, काही ठिकाणी मिळते आणि मोह होतो. ब्रूपबची बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते, त्यामुळे ती थंडच राहायला हवी. बर्फाच्या पेटीत ठेवून साताऱ्यापर्यंत नेली आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी संपवली तर ठीक. एसटीच्या तापलेल्या रॅकवर ठेवून सांगलीपर्यंत नेऊ नका. आतला वायू फुगून झाकण उडतं, आणि उडालं नाही तरी घरी पोचेपर्यंत गव्हाच्या बिअरमधलं ते केळं-लवंग बरंचसं उतरलेलं असतं.