नव्या गाडीच्या रंगात दोष: पॅनल पुन्हा रंगवून घ्यायचं, की पॉलिशवर भागवायचं?

नवी गाडी घरी आली, पहिल्यांदा स्वतःच्या हातानं धुतली आणि क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, दाणे हाताला लागले किंवा कुठं ओघळ दिसला, की शोरूमकडून बहुधा एकच उत्तर येतं: "वॉरंटीत पॅनल पेंट करून देतो, एक रुपया घेणार नाही." दुसरा रस्ता ते स्वतःहून सहसा सांगत नाहीत. तो म्हणजे कारखान्याचा रंग आहे तसा ठेवायचा आणि दोष आहे तेवढीच जागा बारीक पेपरनं घासून, कंपाउंड-पॉलिश मारून सपाट करायची. मी हा दुसरा रस्ता धरला. पहिला वाईट आहे असं म्हणत नाही, काही दोषांना तोच लागतो. पण नव्या गाडीवर जे दोष नेहमी सापडतात, त्यांतल्या बऱ्याचशांना तो लागत नाही असं माझं मत झालं आहे.

माझी गाडी करड्या मेटॅलिक रंगाची. दोष डाव्या बाजूला, मागच्या दाराच्या पाठीमागे चाकावर जो भाग येतो त्या क्वार्टर पॅनलवर होता: मूठभर जागेत विखुरलेले दाणे आणि त्यांच्या खाली एक आखूड ओघळ. शोरूमच्या बॉडीशॉपमध्ये गाडी दाखवली. सर्व्हिस ॲडव्हायझर लगेच तयार झाला. पण प्रत्यक्ष रंग मारणारे मिस्त्री पॅनलवरून बोट फिरवत म्हणाले, "साहेब, दाणं हितं हाईत, पण क्लिअर पार वर छतापातूर न्यायला लागंल."

त्या एका वाक्यानं माझा निर्णय झाला, म्हणून ते नीट उलगडून सांगतो. बॉनेट, दार, पुढचं मडगार्ड हे भाग बोल्टवर किंवा बिजागरावर बसतात. त्यांना स्वतःच्या कडा असतात, त्यामुळे रंग कुठं थांबवायचा हा प्रश्न येत नाही. क्वार्टर पॅनलचं तसं नाही. ते सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं, मागच्या काचेशेजारचा खांब बनून वर जातं आणि दारांच्या वरून छताच्या कडेनं सलग पुढं, बऱ्याच गाड्यांत थेट पुढच्या काचेच्या खांबापर्यंत पोचतं. मध्ये सांधाच नाही. मग नवं क्लिअर संपवायचं कुठं? एक तर ते ही सगळी पट्टी धरून न्यायचं, नाहीतर खांबावर कुठंतरी पातळ करत विरवायचं. अशी विरवलेली कड पहिली काही वर्षं दिसत नाही. नंतर उन्हानं ती आधी पांढुरकी पडते आणि मग तिथूनच क्लिअर सोलायला लागतं. जुन्या गाड्यांच्या मागच्या खांबावर असे पापुद्रे तुम्हीही पाहिले असतील.

एवढ्यावर भागत नाही. रंग मेटॅलिक, त्यामुळे शेड जुळलेली दिसावी म्हणून तो शेजारच्या मागच्या दारावरही विरवावा लागतो. म्हणजे दारही घासायचं आणि त्यावरही नवं क्लिअर. त्यासाठी दाराचं हँडल, काचेचं बीडिंग, मागचा दिवा, बंपरची कड हे सगळं काढायचं, किंवा जागेवरच ठेवून मास्किंग करायचं. काढलं तर क्लिपा तुटतात आणि बीडिंग पहिल्यासारखं बसेलच असं नाही. मास्किंग केलं तर रबराच्या कडेला रंगाची बारीक धार राहते, जी नखाला लागते. मूठभर जागेतल्या दाण्यांसाठी गाडीची जवळजवळ अर्धी बाजू उघडायची, हे मला पटेना. काम फुकट होतं, पण त्याच्या बदल्यात कारखान्याचा रंग जाणार होता आणि तो परत मिळत नाही.

तो परत का मिळत नाही, ते तापमानात आहे. कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. वायर नाही, रबर नाही, सीट नाही. त्यामुळे तळाचा गंजरोधक थर साधारण १६० ते १८० अंशांवर आणि वरचं क्लिअर साधारण १४० अंशांवर भाजता येतं. पूर्ण जोडलेली गाडी बॉडीशॉपच्या बूथमध्ये इतकी तापवता येत नाही, तिथं ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं. म्हणून तिथलं क्लिअर हार्डनर मिसळून वापरलं जातं. चांगल्या मिस्त्रीच्या हातून तेही उत्तम बसतं, वर्षानुवर्षं टिकतं. तरीही ती दुरुस्तीची वेगळी पद्धत आहे आणि तिचा दर्जा त्या दिवशीच्या हातावर, बूथच्या फिल्टरवर अवलंबून असतो. आमच्या कोल्हापूर भागात त्यात ऋतूही आला. पावसाळ्यातली दमट हवा आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी काजळी, दोन्ही ओल्या रंगाच्या वैरी. बूथ बंद आणि स्वच्छ असेल तर हरकत नाही. तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये मात्र कारखान्याचा एक दाणा काढायला जाऊन नवे दहा बसायचे.

आता पॉलिशच्या बाजूनं. दाणा घासून काढणं म्हणजे काहीतरी जुगाड, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर कारखान्यातही हेच करतात. रंगलेला सांगाडा ओव्हनमधून बाहेर आला की ट्यूबलाइटच्या बोगद्याखाली तो तपासतात, सापडलेले दाणे तिथंच घासून पॉलिश करतात आणि मग गाडी पुढं सरकते. तुमच्या गाडीवर राहिलेला दाणा हा त्या तपासणीतून सुटलेला असतो.

प्रश्न जाडीचा आहे. कारखान्याच्या रंगाचे सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, क्वचित त्याहून थोडे कमी. त्यातलं क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. क्लिअरमधून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त उतरवू नये, असा या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे, कारण उन्हापासून खालचा रंग वाचवतं ते हेच क्लिअर. दाणा आणि ओघळ मुळात पृष्ठभागाच्या वर आलेले असतात. घासणाऱ्यानं फक्त तो उंचवटा उतरवला तर आजूबाजूचं क्लिअर फारसं जातच नाही. हात जड असेल तर मात्र पेपर क्लिअरमधून आरपार जाऊन रंगावर उतरतो, आणि मग पॅनल रंगवण्यावाचून इलाज राहत नाही. धोका आहेच. म्हणून हे काम कोणाला द्यायचं हे बघून ठरवावं.

मी ज्याच्याकडे गेलो तो शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला छोट्याशा गाळ्यात हेच काम करणारा मुलगा. त्यानं आधी मीटर लावून पॅनलवरच्या रंगाची जाडी सात-आठ जागी पाहिली आणि मगच होकार दिला, हे मला आवडलं. प्रत्येक दाण्यावर आधी २००० चा आणि मग ३००० चा पेपर, बोटाऐवजी लहानशा कडक ठोकळ्यावर लावून, पाण्याचा फवारा देत. त्यानंतर कंपाउंड, शेवटी पॉलिश. मशीन दुहेरी फिरकीचं. शोरूममध्ये नेहमी दिसणाऱ्या लोकरी पॅडच्या एकेरी मशीननं उन्हात गोलाकार सावल्या उमटतात, त्या इथं नाहीत. दाणे गेले. ओघळाचा उंचवटा गेला, पण त्याच्या तळाशी एक फिकट रेघ राहिली. ती कललेल्या उन्हात, कुठं आहे हे माहीत असेल तरच सापडते. "अजून घासलं तर जाईल, पण मी घासणार नाही," असं तो म्हणाला, आणि मला त्याचं बरोबर वाटलं. पैसे खिशातून गेले, पण ते बाहेर एक पॅनल रंगवायला लागतात त्याच्या निम्म्याहून कमी. शेड बदलली नाही, बीडिंगला कोणी हात लावला नाही, आणि मीटरवर तो भाग आजही कारखान्याचाच वाचतो.

मीटरचा मुद्दा पुढं गाडी विकताना येतो. जुनी गाडी घेणारे व्यापारी हल्ली मीटर लावूनच भाव करतात. एका बाजूला दोनशेच्या वर आकडा दिसला की ते अपघाताचा संशय धरतात. "नवी असताना वॉरंटीत रंगवली होती" हे खरं असलं तरी ऐकणाऱ्याला ते सबबीसारखंच वाटतं. तुम्ही पुढं पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावणार असाल तर आणखी एक: ताज्या रंगावर ती लगेच लावता येत नाही, काही आठवडे थांबावं लागतं, आणि काही वर्षांनी फिल्म काढताना दुरुस्तीचं क्लिअर तिच्याबरोबर उचललं जायची भीती असते. भाजलेल्या मूळ रंगावर ही भीती बरीच कमी.

तरीही रंगवून घ्यायचं केव्हा? दोष क्लिअरच्या खाली असेल तेव्हा. ओळखायला सोपं आहे. डोळ्याला दिसतं पण नखाला लागत नाही, म्हणजे कचरा किंवा केस रंगाच्या थरात अडकलाय, पॉलिशनं तो निघणार नाही. उलट खड्डा असेल, ज्याच्या तळाशी प्रायमर दिसतो, तर तिथं घासून आजूबाजूचं क्लिअरच पातळ होणार. कडेला रंग इतका विरळ असेल की खालचा थर डोकावतोय, किंवा कुठं क्लिअर सुटायला लागलंय, तर वॉरंटीत हक्कानं रंगवून घ्यावं. बंपरच्या बाबतीत मी अजिबात हट्ट धरणार नाही. तो प्लॅस्टिकचा, मुळात वेगळ्या ठिकाणी कमी तापमानावर रंगलेला, सुटा निघणारा. मीटरही त्यावर चालत नाही.

रंग कोणता यावरही बरंच ठरतं. साधा पांढरा असेल आणि दोष दारावर किंवा पुढच्या मडगार्डवर असेल, तर शोरूमचा प्रस्ताव मान्य करायला माझी फारशी ना नाही. शेड जुळते, शेजारच्या पॅनलला हात लावावा लागत नाही. चंदेरी, करडा, किंवा तीन थरांचा मोतिया पांढरा असेल तर दहादा विचार करा. मेटॅलिकमधले चकाकते कण फवाऱ्याच्या दाबाप्रमाणे आडवे-उभे बसतात, त्यामुळे डब्यातला रंग तोच असूनही समोरून एक आणि बाजूनं वेगळी छटा दिसू शकते. बूथच्या दिव्यात जुळलेलं दार संध्याकाळी पेट्रोल पंपावर वेगळं दिसतं, ते यामुळेच.

गाडीचं पासिंग अजून झालेलं नसेल तर हा सगळा खल करायचीच गरज नाही. स्टॉकयार्डात जाऊन गाडी धुवून घ्या, दिवसाउजेडी पाहा, जमल्यास मीटर लावा आणि दोष असेल तर दुसरी गाडी मागा. कार कॅरिअरवर लागलेला ओरखडा यार्डातच रंगवून गाडी नवी म्हणून पुढं केली जाते, असंही घडतं; एकाच पॅनलवर आकडा दुप्पट आला तर समजून घ्या. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळणं फार अवघड. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, राष्ट्रीय हेल्पलाइनचा १९१५ नंबरही आहे. पण दाण्यांसाठी तिथवर जावं असं मला वाटत नाही. दडवलेली दुरुस्ती असेल तर जरूर जावं. आणि डिलिव्हरीच्या वेळी गळ्यात मारलं जाणारं सिरॅमिक कोटिंग रंग तपासून होईपर्यंत लावू देऊ नका. दोष त्याच्याखाली तसाच राहतो, आणि घासायला गेलं की आधी तेच उतरवावं लागतं.

पॉलिशकडे झुकत असाल तर बाहेरच्या माणसाचा हात लागण्याआधी दोषाची नोंद जॉब कार्डवर करून घ्या, फोटोसह ईमेल पाठवा. बाहेर घासलेल्या पॅनलवर कंपनी पुढं रंगाची वॉरंटी नाकारू शकते, आणि उद्या क्लिअर सुटलंच तर दोष आधीपासून होता हे दाखवायला तेवढाच कागद असतो. त्याच ईमेलमध्ये एक ओळ जास्तीची घाला: पॅनल रंगवण्याऐवजी पॉलिशचा खर्च तुम्ही द्याल का? मला नकार आला. माझ्या ओळखीतल्या एकाला मात्र त्याच्या शोरूमनं पुढच्या सर्व्हिसच्या बिलातून ती रक्कम वळती करून दिली.