गाडीतली पिस्तुलाची पेटी आणि ऑफिसचं पार्किंग

आधी निकाल सांगते: पाचात साडेतीन तारे. ही तिजोरी नाही. तिजोरी समजून घ्याल तर पस्तावाल. पण ज्यांना पिस्तूल गाडीत ठेवून पूर्ण पाळी त्याच्याशिवाय कामावर काढावी लागते, त्यांच्यासाठी ४० डॉलरच्या आसपास मला याहून बरं काही दिसलं नाही.

वस्तू साधी आहे. आतून ९ इंच लांब, ६ इंच रुंद, उंची पावणेदोन इंच. १६ गेजचा पत्रा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. पुढे तीन आकड्यांचं फिरकीचं कुलूप, आत स्पंजचं अस्तर, आणि सोबत प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी केबल. केबलच्या एका टोकाचा फास सीटखालच्या लोखंडाभोवती घालायचा, दुसरं टोक पेटीत अडकवून झाकण लावायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाच्या, याच पत्र्याच्या पेट्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि खाली लिहिलंय ते बहुतेक त्या सगळ्यांना लागू पडेल.

मी ह्यूस्टनमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. टेक्ससचा पिस्तुलाचा परवाना माझ्याकडे आहे. २०२१च्या सप्टेंबरपासून इथे २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही कपड्याआड पिस्तूल बाळगता येतं. मग ४० डॉलर फी भरून, वर्गात बसून, ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा देऊन परवाना कशाला घ्यायचा, असं मंडळात बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर या पेटीशीच जोडलेलं आहे. तिकडे येतेच.

हॉस्पिटलच्या दारावर कलम ३०.०६ची पाटी आहे, म्हणजे परवानाधारकालाही कपड्याआडचं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी. इंग्रजी आणि स्पॅनिश, अक्षरं किमान एक इंच उंच, लांबून दिसेल असा रंग. पाटी कशी असावी हेसुद्धा कायद्यातच लिहिलंय. तिच्या पलीकडे पिस्तूल नाही. त्यात वाद नाही आणि मला तो घालायचाही नाही. जिथे पेशंट झोपलेत तिथे माझ्या कमरेला पिस्तूल कशाला? प्रश्न पार्किंगचा होता. नोकरीच्या सुरुवातीला हातात पडलेल्या नियमपुस्तिकेत लिहिलं होतं: संस्थेच्या आवारात, ‘वाहनांसह’, शस्त्र आणू नये. मुख्यालय दुसऱ्या राज्यात. तिथे बसून कोणीतरी एकच मजकूर सगळ्या शाखांना पाठवला असणार.

टेक्ससमध्ये हा ‘वाहनांसह’ चालत नाही. २०११ साली कामगार संहितेत कलम ५२.०६१ आलं. कर्मचाऱ्याचं शस्त्र कायदेशीर असेल, गाडी खाजगी आणि कुलूपबंद असेल, तर मालकाला पार्किंगमध्ये ती गाडी शस्त्रासकट उभी करायला मनाई करता येत नाही. इमारतीत मात्र तो खुशाल मनाई करू शकतो. ही भांडणं ओक्लाहोमातून सुरू झाली. २००२ साली तिथल्या एका कागद कारखान्याने पार्किंगमधल्या गाड्यांची झडती घेऊन बंदुका सापडलेल्या कामगारांना काढून टाकलं, त्यावरून राज्याने कायदा केला. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००९ साली दहाव्या सर्किटच्या, म्हणजे ओक्लाहोमा ज्या विभागात येतं त्याच्या, केंद्रीय अपील कोर्टाने कायदा टिकवला. फ्लोरिडा आणि जॉर्जियाने २००८मध्येच आपापले कायदे केले होते. प्रत्येक राज्याचं कलम वेगळं आहे. माझं वाचून न्यू जर्सीत कोणी प्रयोग करू नये.

मी एचआरला कलमाचा आकडा घालून एक ओळीची ईमेल पाठवली. उत्तर दोन आठवड्यांनी आलं: ‘स्थानिक कायदा लागू राहील.’ पुस्तिकेतलं वाक्य अजून तसंच आहे.

आता पेटी. गाडी कुलूपबंद असली की टेक्ससच्या कायद्याचं समाधान होतं. पिस्तूल नुसतं ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये टाकलं तरी चालतं. चोराला काच फोडून तो खण उघडायला किती वेळ लागतो? अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा फार मोठा वाटा गाड्यांमधून जातो, आणि हॉस्पिटल, स्टेडियम, जिम यांची पार्किंग ही चोरांची आवडती ठिकाणं, कारण गाडीचा मालक लवकर परतणार नाही हे त्यांना माहीत असतं. पिकअपच्या मागच्या काचेवर पिस्तूल कंपनीचे स्टिकर लावून फिरणाऱ्यांना मी हात जोडते. आतला माल बाहेर कशाला जाहीर करायचा? कॅलिफोर्नियात आत कोणी नसलेल्या गाडीतलं पिस्तूल डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत नजरेआड ठेवणं सक्तीचं आहे, कोलोराडोतही २०२५पासून टणक पेटी लागते. टेक्सस सक्ती करत नाही, म्हणून लोक करत नाहीत. मात्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं इथेही गुन्हा आहे, आणि आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर अशी दोन मुलं असतात.

वापराचं सांगते. पेटी बसवायला अर्धा तास लागला, त्यातला बहुतेक वेळ केबल कुठे अडकवायची हे शोधण्यात. सीट विजेवर पुढेमागे होणारी असेल तर केबल रुळाच्या वाटेत येता कामा नये, नाहीतर सीट मागे घेताना चिमटून तिचं आवरण फाटतं. सीटचा जो पाय बोल्टने जमिनीला कसलेला असतो त्याला वेढा घाला. डोक्याच्या उशीचे दांडे, सीटबेल्टची पट्टी या जागा वेष्टनावरच्या चित्रात दिसतात. पण दांडा उपसून निघतो आणि पट्टी ब्लेडने कापली जाते. केबलच्या ताकदीचे पौंडातले आकडे छापलेले असतात, ते ओढण्याचे. बोल्ट कटर ओढत नाही, कापतो. म्हणून ही पेटी फक्त वेळ खाते. काच फोडून हात घालणाऱ्याला मिनिटाच्या आत निघायचं असतं, त्याच्यापुरता तो वेळ पुरतो. हत्यारं घेऊन शांतपणे बसणाऱ्यापुढे ही टिकणार नाही, आणि तसा दावा कोणी करत असेल तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.

खरी अडचण उंचीची. माझं पिस्तूल सिग पी-३६५, या वर्गातलं लहानच. नुसतं ठेवलं तर पेटीत जागा उरते. पण ते नुसतं ठेवायचं नसतं, आणि हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं. गाडीत बसून, स्टीअरिंगखाली वाकून, भरलेलं पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, काढा, पेटीत ठेवा, परतताना काढा, पुन्हा होल्स्टरमध्ये सरकवा: हा रोजचा उद्योग म्हणजे मांडीत गोळी घुसवून घेण्याची तयारी. जॅकेटची दोरी किंवा शर्टाचं टोक ट्रिगरपाशी अडकलं की झालं. आमच्या प्रशिक्षकांनी वर्गात हे इतकं घोकून घेतलं की पाठ झालं: पिस्तूल होल्स्टरसकट काढायचं, होल्स्टरसकट ठेवायचं, ट्रिगर सतत झाकलेला. तेव्हा माप होल्स्टरसकट घ्या. माझं होल्स्टर क्लिपमुळे पावणेदोन इंचात बसेना. चपट्या क्लिपचं दुसरं घेतल्यावर झाकण लागलं. ग्लॉक १९ किंवा त्याहून मोठं पिस्तूल असलेल्यांनी हे माप सोडून वरचं घ्यावं. एक तारा इथेच गेला.

अर्धा तारा अस्तराचा. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बंद गाडी आतून ५० सेल्सिअसच्या पुढे जाते. जुलैत स्पंजचा गोंद सुटला आणि चिकट पट्टा थेट पिस्तुलावर आला. कंपनीला फोटो पाठवला, त्यांनी नवा स्पंज पाठवला. तोही त्याच गोंदाचा. मी तो फेकून जुन्या फ्लॅनेलचा तुकडा टाकलाय. खाडीकाठची दमट हवा धरून सिलिका जेलची पुडीही ठेवते, नाहीतर स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, गंज दिसायला वेळ लागत नाही.

कुलूप मात्र मनासारखं. आधी मी बोटाच्या ठशावर उघडणारी महाग पेटी बघत होते. नवऱ्याकडे तशी आहे, म्हणून तिचाही अनुभव लिहिते. लॅबमध्ये रात्रभर हातमोजे आणि सॅनिटायझर. पाळी संपेपर्यंत माझी बोटं इतकी कोरडी होतात की मशीन ओळखच देत नाही. बॅटरीला उन्हाळा मानवत नाही, आणि बॅटरी मेली की किल्ली शोधा. तीन आकड्यांच्या फिरकीला यातलं काही लागत नाही. दोष एवढाच की अंधारात आकडे दिसत नाहीत, फोनचा टॉर्च लावावा लागतो. घाईच्या क्षणी पिस्तूल झटकन हाती यावं म्हणून कोणी ही घेत असेल, तर ती त्या कामाची नाही. ती पिस्तूल दूर ठेवण्यासाठी आहे.

पिस्तूल पेटीत घालायची जागा ऑफिसचं पार्किंग नव्हे. कायदा बाजूने असला तरी कॅमेऱ्यावर किंवा शेजारच्या गाडीतल्या नर्सला कमरेचं पिस्तूल काढताना दिसणं म्हणजे पुढचा तास सिक्युरिटीच्या खोलीत. मी घरच्या ड्राइव्हवेमध्येच पेटी बंद करून निघते.

आता परवान्याचा मुद्दा. नवरा शिप चॅनेलवरच्या, म्हणजे ह्यूस्टन बंदराच्या जलमार्गाकाठच्या, एका रिफायनरीत इंजिनिअर आहे. पार्किंगच्या कायद्यात अशा रिफायनरी आणि रसायन कारखान्यांना सूट आहे, त्यांना मनाई करता येते. पण त्या सवलतीलाही एक अपवाद आहे. कर्मचाऱ्याकडे परवाना असेल आणि पार्किंग पहारा असलेल्या बंदिस्त भागाच्या बाहेर असेल, तर पिस्तूल कुलूपबंद खाजगी गाडीत ठेवता येतं. म्हणजे परवानाधारकाला जे चालतं ते त्याच्या शेजारी गाडी लावणाऱ्या बिनपरवान्याच्या सहकाऱ्याला चालत नाही. दुसरं कारण शाळा. केंद्राच्या १९९०च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला बंदी आहे. शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना असलेल्याला ती लागू नाही, किंवा मग पिस्तूल रिकामं आणि कुलूपबंद पेटीत हवं. मुलांना शाळेत सोडणाऱ्या बिनपरवान्याच्या आईबापांसाठी ही पेटी म्हणूनच जास्त गरजेची, आणि त्यांनी आधी गोळ्या काढायच्या.

जिथे पेटी वाचवत नाही अशाही जागा आहेत. कंपनीने दिलेली गाडी: पार्किंगचा कायदा फक्त खाजगी गाडीपुरता आहे, नमुने पोचवायची आमची व्हॅन त्यात येत नाही. पोस्ट ऑफिस: टपाल खात्याचा नियम पार्किंगसह सगळ्या आवाराला धरतो. लुइझियानातल्या एका टपाल कर्मचाऱ्याला गाडीतल्या पिस्तुलावरून शिक्षा झाली, आणि २००९मध्ये पाचव्या सर्किटने ती कायम ठेवली. टेक्सस त्याच सर्किटमध्ये येतं. या नियमावर कोर्टात अजून वाद झडताहेत, पण तो खटला माझ्या नावाने नको म्हणून मी पार्सल टाकायला जाते तेव्हा पेटी घरी काढून ठेवते. गाडी धुवायला, सर्व्हिसिंगला किंवा हॉटेलबाहेर गाडी लावून देणाऱ्या व्हॅलेला देतानाही तसंच.

आणि एच-वनवर असलेल्या आपल्या मंडळींनो, पेटीचा विचार करण्याआधी थांबा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायला मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. वैध शिकार परवाना हा त्यातला एक. मित्राने रेंजवर नेलं, घरमालकाने ‘ठेव रे गाडीत’ म्हटलं, याला काही अर्थ नाही. ग्रीन कार्ड झाल्यावर बघा.

सासरे गेल्या वर्षी आले होते. साताऱ्याकडे त्यांच्या वडिलांची बारा बोअरची बंदूक होती, निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. त्यांनी पेटी उघडून बघितली, केबल ओढून बघितली आणि म्हणाले, “सूनबाई, आमच्या जमादाराकडे पावती तरी मिळायची.” मुद्दा बरोबर आहे. म्हणून पिस्तुलाचा सीरियल नंबर, फोटो आणि खरेदीची पावती मी घरी वेगळी ठेवलीय. पेटीच्या खोक्यात त्यासाठी एक कार्ड येतं, ते भरून पेटीतच ठेवू नका.

घ्यायची का? लहान पिस्तूल, चपटं होल्स्टर, सीटखाली बोल्टचा पाय असलेली गाडी आणि कामाच्या दारावर ३०.०६ची पाटी असेल तर घ्या. सेडानला बंद डिकी असेल तर ही तिथे बसवा, सीटखालून बरी. सेंटर कन्सोलमध्ये बोल्टने बसणाऱ्या मजबूत तिजोऱ्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळतात, किंमत याच्या कितीतरी पट. गाडी बरीच वर्षं ठेवणार असाल तर आधी त्या बघा. माझी लीजवर आहे, पुढच्या वर्षी परत जाईल, त्यामुळे भोकं पाडता येत नाहीत आणि तोवर हीच राहील.