ब्लॅकबेरी यूईएम: दमदार, पण परवानग्यांत घोळ

नागपूरच्या आयटी पार्कातल्या मध्यम कंपनीला स्वतःच्या सर्व्हरवर मोबाइल मेल हवा असेल, तर यूईएम, म्हणजे कंपनीतले फोन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, दमदार आहे. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारं ३१०१ पोर्ट आधी उघडा. अपग्रेडपूर्वी एसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप घ्याच. सर्व्हरच्या नुसत्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) विसंबू नका बावा. मे महिन्यात सर्व्हर रूमच्या एसीची खात्रीही करा.

खरी गंमत एक्सचेंजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरमध्ये. सगळ्यांचे फोन सिंक होतात, नेमका ॲडमिनचाच अडतो आणि लॉगमध्ये इव्हेंट १०५३, म्हणजे परवानगी अपुरी असल्याची नोंद, दिसतो. खातं डोमेन ॲडमिन्स (सर्वाधिक अधिकारांच्या) गटात असल्याने इनहेरिटन्स, म्हणजे वरच्या पातळीच्या परवानग्या आपोआप मिळणं, बंद असतं. त्याच्या चौकटीत टिक केलं तरी तासाभरात ॲडमिनएसडीहोल्डरमुळे (ॲडमिन खात्यांच्या परवानग्यांचा ठरलेला साचा) पुन्हा उडतं. खातं गटातून काढा, मगच टिक करा. ॲडमिनच्या कामाला वेगळं खातं ठेवा.