सीट न उचलता घेतलेली नॉर्टन

‘१९५८ची डॉमिनेटर ९९, वाइडलाइन चेसिस, इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच.’ विकणाऱ्याच्या या तीन दाव्यांवर मी ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल, नॉर्टन, घेतली. पहिल्यातलं अर्धं खरं निघालं. इंजिन ९९चंच आहे, ५९६ सीसीचं. बाकी सगळी थाप.

नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसचे दोन प्रकार आहेत, हे मला वाचून माहीत होतं. आधीची वाइडलाइन. तिचे वरचे दोन पाइप एकमेकांपासून लांब, त्यामुळे बसणाऱ्याच्या मांड्या फाकत. म्हणून १९६०च्या मॉडेलपासून सीटच्या नाकापाशी तेच पाइप आत दाबून घेतले, ती स्लिमलाइन. टाकी आणि सीट काढून वरून पाहिलं की फरक लगेच कळतो. पण बाजूने पाहिलं तर भल्याभल्यांना कळत नाही, आणि मला पाठवलेले सगळे फोटो बाजूनेच काढलेले होते. प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा सीटला हात लावताच तो म्हणाला, ‘नवीन शिवलीय हो, काढू नका, शिवण उसवेल.’ मीही मान डोलावली. तिथेच फसलो.

घरी वायरिंग बघायला सीटचे बोल्ट सोडले. सीट वाइडलाइनची होती, रुंद. तिच्या खालचे पाइप मात्र पुढे आत वळलेले. मधली फट भरायला दोन्ही बाजूंना रबराचे जाड तुकडे कोंबले होते. बोल्ट ज्या पट्ट्यांवर बसतात त्या नंतर वेल्ड केलेल्या. खालून बोट फिरवलं तर वेल्डिंगचे मणी खरखरीत लागत होते, वरून मात्र रंगाचा गुळगुळीत थर.

मग नंबर पाहिला. कारखान्यातून निघताना नॉर्टनच्या इंजिनावर आणि चेसिसवर एकच नंबर असे, म्हणून तो जुळला की माणूस निर्धास्त होतो. माझ्या चेसिसवरचा नंबर इंजिनाशी अगदी बरोबर जुळतो. फक्त त्याच्याभोवतीचा पत्रा बशीसारखा खोलगट झालाय आणि दोन आकडे तिरके बसलेत. आधीचा नंबर घासून हा पंच केलाय.

फेदरबेडच्या बाबतीत ही भेसळ फार सोपी आहे. एके काळी ५०० सीसीच्या रेसिंग मोटारींसाठी लोक अख्खी मँक्स नॉर्टन, म्हणजे नॉर्टनची रेसिंग मोटारसायकल, घेऊन तिचं इंजिन काढून घेत, कारण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. उरलेल्या चेसिसमध्ये ट्रायम्फ या दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवून ट्रायटन, म्हणजे ट्रायम्फ आणि नॉर्टनची जोडगाडी, बनायच्या. अशी गाडी ट्रायटन म्हणूनच विकली तर माझी काहीच तक्रार नाही, मला त्या आवडतात. पण जोडलेली गाडी मूळची म्हणून गळ्यात मारणं ही चोरी आहे.

घेण्याआधी सीट आणि टाकी उतरवून वरून फोटो मागा. नाही म्हणाला तर परत या. सीटच्या पट्ट्यांच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. सुरुवातीच्या वर्षांची फेदरबेड म्हणून दाखवत असेल तर मागची सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा मागचा सांगाडा, बघा, ती बोल्टने जोडलेली हवी. वेल्ड केलेली नंतर आली. आणि नंबर नुसता वाचू नका, त्याच्या कडेचा पत्रा उजेडात तिरका धरून बघा.

विकणारा आता फोन उचलत नाही. पैशापेक्षा मला दुसरंच लागलंय. ही स्लिमलाइन चेसिससुद्धा कुठल्यातरी गाडीची होती, तिचाही एक खरा नंबर होता. तो ग्राइंडरखाली गेला, आणि ती गाडी कोणती होती हे आता कारखान्याच्या नोंदींवरूनही शोधता येणार नाही.