मेदोक 2010 आणि 2020 : घरच्या घरी तुलना

फ्रान्सच्या बोर्डोतल्या मेदोक या भागाच्या रेड वाइनसाठी ही दोन्ही वर्षं उत्तम मानली जातात, म्हणून जुनी-नवी तुलना करायला ही जोडी अगदी योग्य. दोन्हींत मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो ही द्राक्षं, फरक वयाचा.

2010 ची बाटली आदल्या दिवशीच उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुना कॉर्क साध्या स्क्रूने चुरण्याची भीती असते. दोन पात्यांचं ओपनर कडेने आत सरकवून, पिळत वर काढा. बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरून सावकाश ओता, गाळाची रेघ दिसली की थांबा. ही ओतली की लगेच प्यायची. 2020 मात्र दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत हवी, नाहीतर टॅनिनमुळे, म्हणजे तिच्यातल्या तुरट घटकामुळे, हिरड्या आवळतात.

पुण्याच्या उन्हाळ्यात खोलीतली वाइन तिशीपार जाते आणि नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून 17 अंशांच्या आसपास आणा. जुनी बाटली दाराच्या कप्प्यात नको, दर वेळी हलते.

ग्लासात 50 मिली पुरे. पांढऱ्या कागदावर तिरका धरला की 2010 ची कड विटकरी दिसते, 2020 ची जांभळट. आधी जुनीच चाखा, नाहीतर देवदार, तंबाखू, चामडं असे तिचे नाजूक वास नवीच्या ब्लॅककरंटसारख्या गडद चवीखाली दबतात. नुसती प्यायला 2010 कितीतरी सरस. भाजलेल्या मटणाबरोबर 2020 घ्या, पण तांबडा रस्सा नको. तिखटाने टॅनिन आणखी कडवट लागतं.