गुदाशयाच्या कॅन्सरचा एमआरआय, जिल्ह्याच्या गावी: मशीन चोख, काप चुकीचे

एमआरआयसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबई गाठायलाच हवी, असं आता राहिलेलं नाही. पण गुदाशयाच्या कॅन्सरचा एमआरआय हा गुडघ्या-मणक्यासारखा 'जा आणि काढून आणा' छापाचा नसतो. हा रिव्ह्यू महामार्गालगतच्या एका सेंटरवरच्या फक्त याच तपासणीचा. पाचपैकी तीन.

मशीन १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आहे आणि तेवढं पुरतं. ३ टेस्लासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायची गरज नाही. ओटीपोटावर बांधायची कॉईलही (सिग्नल टिपणारी पट्टी) चांगली आहे, फक्त ती पुरेशी खाली उतरवून बांधत नाहीत. गाठ गुदद्वाराजवळ असेल तर नेमका तोच भाग दाणेदार येतो.

खरी गडबड कापांची, म्हणजे शरीराच्या पातळ चकत्यांसारख्या चित्रांची. या तपासणीचा सगळा जीव टी-टू (एमआरआय चित्राचा एक प्रकार) कापांत असतो: जाडी ३ मिमी, चौकट १६ ते २० सेमी आणि फॅट सप्रेशन (चित्रात चरबी काळी करणं) बंद. भोवतीची चरबी पांढरी दिसली तरच तिच्यात शिरलेली करडी गाठ आणि चरबीला वेढणारा काळा बारीक पडदा उठून दिसतो. आधी बाजूने काप घेऊन गाठीची दिशा बघायची, मग तिच्या लांबीला काटकोनात काप लावायचे. गुदाशय माकडहाडाच्या बाकाने वळत जातो, त्यामुळे शरीराला सरळ आडवा लावलेला काप गाठीला बहुतेक वेळा तिरका बसतो. तवसं (काकडी) तिरकं चिरलं की साल जाड दिसते ना, तसंच. स्नायूचा थर पुसट होतो आणि गाठ आतड्याच्या भिंतीतच असताना बाहेर आल्यासारखी वाटते. मग ज्याचं नुसत्या ऑपरेशनने भागलं असतं, त्याला विनाकारण शेक (रेडिएशन) बसू शकतो.

इथे लावतात तो साधा पेल्विसचा (ओटीपोटाचा) ठरलेला साचा: ५ मिमीचे सरळ काप, दोन्ही खुबे मावतील एवढी चौकट. खालच्या गाठीसाठी गुदनलिकेला समांतर समोरचे काप वेगळे लागतात, तेही घेत नाहीत. संडासवर ताबा ठेवणारा स्नायू वाचेल की शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागेल, हे त्याच कापांवरून कळतं.

उलट जे लागत नाही ते आवर्जून देतात: काँट्रास्टचं इंजेक्शन. स्टेजिंगला (कॅन्सर किती पसरलाय हे ठरवायला) त्याची गरज नाही. त्याचे पैसे, त्यासाठीचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, सगळंच वाचलं असतं. त्याऐवजी हायोसिन ब्युटिलब्रोमाईड २० मिग्रॅ दिलं तर आतड्याची हालचाल थंडावते आणि वरच्या भागातल्या गाठीचे काप धूसर येत नाहीत. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर मात्र आधी सांगायचं. डिफ्यूजन काप (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारे) काढतात, त्यांची बी-व्हॅल्यू, म्हणजे त्या हालचालीला ते किती संवेदनशील आहेत याचं माप, ८००च्या वर ठेवतात, हे चांगलं. पण आत हवा असली की तेच काप वेडेवाकडे होतात. तपासणीच्या थोडं आधी छोटा एनिमा दिला की काम भागतं. इथे कोणी विचारत नाही.

रिपोर्ट अडीच ओळींचा: 'भिंतीला जाडी, भोवतीच्या चरबीत पसरल्याची शक्यता, काही लिम्फ नोड (लसिकाग्रंथी), क्लिनिकल निष्कर्षांशी पडताळावे.' सर्जनने याचं करायचं काय? त्याला हवं असतं: गुदद्वारापासून गाठीचं अंतर, लांबी, गाठ भिंतीबाहेर किती मिमी गेली (५ मिमीच्या आत की बाहेर), त्या काळ्या पडद्यापासून किती दूर, बाहेरच्या शिरेत शिरली का, ताबा ठेवणारा स्नायू सुटा आहे का. पडद्यापासूनचं अंतर १ मिमी किंवा कमी असेल तर ऑपरेशनची कड गाठीला लागण्याची भीती, म्हणून सहसा आधी शेक आणि किमो. हा अंदाज एमआरआयवरून भरवशाने बांधता येतो हे २००६च्या मर्क्युरी अभ्यासाने दाखवलं. आज त्यात नवं काही नाही. लिम्फ नोडबद्दल मात्र रिपोर्टने फार छातीठोक बोलू नये. नुसता आकार फसवतो. कडा ओबडधोबड आहेत का, आतला रंग एकसारखा आहे का, हेही लिहायला हवं.

भिंतीच्या पहिल्या थरातली गाठ आणि स्नायूपर्यंत गेलेली गाठ यांतला फरक एमआरआयला नीट कळत नाही. अगदी सुरुवातीच्या गाठीला दुर्बिणीतून सोनोग्राफी बरी. फुप्फुस-यकृतासाठी सीटी वेगळा लागतो.

शेक झाल्यावरचा एमआरआय इथे काढू नये, हे आमचं स्पष्ट मत. तो शेक संपल्यावर साधारण ६ ते ८ आठवडे थांबून काढतात. टी-टूवर काळा दिसणारा व्रण आणि उरलेली गाठ वेगळी करायला सरावाची नजर लागते. ऑपरेशन टाळून नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं असेल तर त्याहून जास्त. त्यासाठी टाटा (मुंबईचं कॅन्सर रुग्णालय) किंवा बांबोळीसारखी (गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) जागा बरी. मात्र पहिल्या एमआरआयची सीडी सोबत हवीच. मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत.

पहिली तपासणी इथे करायची तर नंबर लावतानाच विचारा: गाठीला काटकोनात ३ मिमीचे काप घेणार का? रिपोर्टमध्ये पडद्यापासूनचं अंतर येईल का? सोबत कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट न्या, गाठ किती सेंटिमीटरवर आहे हे टेक्निशियनला आधी कळलं तर काप बरोबर जागी लागतात. नुसता रिपोर्ट त्रोटक असेल तर त्याच सीडीवर दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून नवा रिपोर्ट लिहून घेता येतो. काप चुकले असतील तर वाचणारा कितीही हुशार असला तरी उपयोग नाही. अशा वेळी पूर्ण एमआरआय पुन्हा करायची गरज नाही, तेवढे टी-टू काप परत घेतले की पुरतं. काही मिनिटांचं काम आहे, आणि सेंटरने ते फुकट करून द्यायला हवं.