चाटण वीट की खनिज मिश्रणाची पावडर?

आमच्या मुक्त संचार गोठ्यात दहा संकरित गाई आहेत. पहिली दोन वर्षे मी चाटण विटा (गाईंनी चाटायच्या मीठ-खनिजांच्या विटा) टांगल्या आणि आता आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या खुराकातून, खनिज मिश्रणाची पावडर देतो, तेव्हा दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

विटेची सोय नाकारता येणार नाही. एकदा टांगली की बरेच दिवस तिच्याकडे पाहावे लागत नाही, आणि मनुष्यबळ कमी असलेल्या घरी हे थोडेथोडके नाही. पावडरीचे मात्र रोज मोजणे आणि कालवणे आले. ती कोरड्या भुशावर भुरभुरली तर गाय फुंकरीनेच उडवते आणि गव्हाणीच्या तळाशी पांढरा थर उरतो. भिजवलेल्या सरकी पेंडीत कालवली, तरच पोटात जाते.

तरीही माझे मत फिरले ते एका मारक्या गाईमुळे. वीट टांगली की ती तिथेच ठाण मांडायची आणि नुकतीच व्यालेली पहिलारू, जिला खरी गरज होती, ती मागे सरून भिंतीचा चुना चाटत राहायची. तीन कोपऱ्यांत तीन विटा बांधून पाहिल्या, पण मारकी तिन्हीकडे फेरी मारायची. शिवाय गाय वीट चाटते ती मिठाच्या ओढीने, दुधाच्या हिशेबाने नव्हे. लिटरभर दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम जाते. म्हणजे १५ लिटरच्या गाईचे रोज १८ ग्रॅम गेले, भाकडीचे काहीच नाही.

आता धारेला बांधल्यावर प्रत्येकीच्या पुढ्यात तिचे माप पडते: भाकडीला ५० ग्रॅम, दुभतीला १०० किंवा अधिक. गाभण गाईला व्यायच्या आधीचे तीन आठवडे जादा कॅल्शियम दिल्यास व्याल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटण्याच्या आजाराचा) धोका वाढतो, म्हणून पशुवैद्यकांना विचारून तेवढ्यापुरते तिचे मिश्रण बदलता येते. विटेबाबत हे कसे जमावे? गेल्या वर्षी गाई वेळेवर माजावर आल्या, पण त्याचे सारे श्रेय पावडरीला देण्याचे धाडस मी करणार नाही, कारण हिरवा चाराही त्याच वर्षी मुबलक होता.

पिशवीवर आयएस १६६४ हे खनिज मिश्रणाचे भारतीय मानक आणि मिश्रण मीठविरहित आहे का, एवढे पाहावे. मीठविरहित असेल तर मीठ वेगळे घालावे लागते. जीवनसत्त्व अ असलेले मिश्रण मी केवळ कडब्यावर भागवण्याच्या दिवसांत घेतो.

दावणीला दोनच गाई असतील, तर वीट कदाचित पुरेल. माझ्याकडे उरलेली शेवटची वीट मी वासरांच्या कप्प्यात टांगली आहे; तिथे अजून कोणी मारके झालेले नाही.